मदत मागावी, पण कोणाकडे?

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबत नाही. तिच्याजवळ उभा असलेला डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात आहे. काय करावयाचे ते त्याने पुस्तकात वाचले आहे, दोनदा पाहिले आहे, स्वतःच्या हाताने एकदाही केलेले नाही. तो काल सकाळपासून पायांवर उभा आहे. वरिष्ठाला उठवावे की नाही, ह्या एकाच प्रश्नात त्याची काही मिनिटे निघून जातात. मागच्या आठवड्यात ‘एवढेही जमत नाही का?’ म्हणून साऱ्या युनिटसमोर झालेला पाणउतारा त्याला आठवतो. प्रबंधावर कोणाची सही लागते आणि परीक्षेच्या टेबलापलीकडे कोण बसणार आहे, हेही आठवते. बाईचे रक्त मात्र ह्या हिशेबासाठी थांबून राहत नाही.

देशातील शेकडो रुग्णालयांत जवळजवळ रोज रात्री हे दृश्य कोठे ना कोठे घडते. आता ह्या डॉक्टरासाठी वरून एक उपदेश आलेला आहे: मदत मागा. संकोच करू नका, मन मोकळे करा, एकटे पडू नका. त्यासाठी भित्तिपत्रके लागली, कार्यशाळा झाल्या, योगवर्ग भरले, समुपदेशकांची नावे फलकावर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहांच्या भिंतींवर चिकटवला गेला. त्या क्रमांकाची टिंगल करण्याचे कारण नाही. मध्यरात्री कोणी तरी ऐकणारे माणूस पलीकडे असणे ही मोलाची गोष्ट आहे, आणि ज्याला गरज आहे त्याने तो क्रमांक जरूर फिरवावा. परंतु रक्तस्राव कसा थांबवावा हे १४४१६ वरून सांगता येत नाही. त्यासाठी दहा वर्षांचा अनुभव असलेले दोन हात त्या खोलीत यावे लागतात. ते का येत नाहीत, हा मूळ प्रश्न आहे आणि सारा उपदेश त्याच प्रश्नाला वळसा घालून जातो.

ह्या उपदेशाची खरी मेख अशी आहे की, मदत न मागणे हा त्यात तरुण डॉक्टराचा स्वभावदोष ठरतो. तो लाजाळू आहे, अहंकारी आहे, त्याच्यात ‘संवादकौशल्य’ नाही! जणू साडेचार वर्षे रात्रंदिवस अभ्यास करून कडव्या स्पर्धेतून वर आलेल्या हजारो तरुणांना एकाच वेळी अचानक बोलता येईनासे झाले. वस्तुस्थिती अशी आहे की, मदत मागण्याची किंमत ज्या व्यवस्थेत मागणाऱ्याकडून वसूल केली जाते त्या व्यवस्थेत शहाणा माणूस मदत मागत नाही. गिरणीत यंत्रात बोट सापडू नये म्हणून यंत्राला जाळी बसवावी लागते. कामगाराला ‘जपून काम करा’ असे लिहून देणारा मालक स्वतःचे पैसे वाचवत असतो.

निवासी डॉक्टर ही संस्था आली कोठून?

‘निवासी’ हा शब्द अक्षरशः खरा होता. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि तेथील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी शिकाऊ शल्यचिकित्सकांची जी पद्धत बसवली, तीत शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहत असे आणि त्याला स्वतःचे असे आयुष्य जवळजवळ नसे. पायथ्याशी अनेक, वर चढता चढता थोडे, शिखरावर एक, असा तो मनोरा होता. जो गळला तो गळला. हॉल्स्टेड ह्यांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. मात्र कोकेन बधिरतेसाठी वापरता येते ह्याचे प्रयोग स्वतःवर करताना ते त्याच्या आहारी गेले होते आणि पुढे मॉर्फिनच्याही, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. न झोपता काम करण्याचा आदर्श ज्या माणसाच्या नावाने सांगितला जातो त्याच्या बाबतीतली ही माहिती अध्यापकमंडळींनी एकदा तरी वर्गात सांगावयास हरकत नाही.

मनोऱ्याची ही पद्धत जगभर गेली. तिच्यात एक मोठी सोय होती. शिकणारा म्हणून त्याला पूर्ण पगार द्यावयाचा नाही, आणि डॉक्टर म्हणून त्याच्याकडून पूर्ण काम करून घ्यावयाचे. कायम पदे भरण्यापेक्षा दर वर्षी नवी तुकडी येते ती स्वस्त पडते. रुग्णालय ज्या श्रमांवर चालते त्या श्रमांना ‘शिक्षण’ असे नाव दिले की तासांचा प्रश्न निघत नाही. शिक्षणाला का कोठे तास असतात?

१९८४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमधील एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगातील थरथर घेऊन दाखल झाली आणि सकाळपर्यंत मरण पावली. तिला पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर त्या रात्री चाळीसच्या आसपास रुग्ण होते. ती नैराश्यावरील जे औषध घेत होती त्याच्याशी न जुळणारे दुसरे औषध तिला दिले गेले. जबाबदार वरिष्ठ डॉक्टर दूरध्वनीवर होते, रुग्णालयात नव्हते. मुलीचे वडील पत्रकार आणि वकील होते म्हणून प्रकरण दडपले गेले नाही. ज्या मुलींचे वडील पत्रकारही नसतात आणि वकीलही नसतात त्यांचे काय होते, हा प्रश्न येथेच विचारून ठेवलेला बरा. ग्रँड ज्यूरीने व्यक्तींवर खुनाचा आरोप ठेवला नाही, व्यवस्थेवर ठपका ठेवला. बर्ट्रंड बेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा आली. सर्वांच्या लक्षात तासांचा नियम राहिला. त्याच नियमात शिकाऊ डॉक्टरांवर अनुभवी डॉक्टरांची प्रत्यक्ष देखरेख असली पाहिजे असेही होते, आणि बेल स्वतः ह्याच भागाला अधिक महत्त्व देत. तो भाग लोक विसरले. तास मोजता येतात. वरिष्ठ खरोखर हजर होता काय, हे मोजावयाचे कोणाच्याच सोयीचे नसते.

‘जोर देऊन सांगितले नाही’

ह्या संबंधात इंग्लंडमधील एक खटला भारतीय डॉक्टरांनी नीट वाचावा असा आहे. १८ फेब्रुवारी २०११ रोजी लेस्टर येथील रुग्णालयात जॅक ॲडकॉक हा सहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता, हृदयाचा विकार होता, आणि न्यूमोनियातून जंतुदोष रक्तात पसरत होता. बालरोग विभागातील रजिस्ट्रार डॉ. हदिझा बावा-गार्बा ह्या त्या दिवशी कामावर होत्या. बाळंतपणाच्या दीर्घ रजेनंतर त्या नुकत्याच परतल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांच्या वाटणीचे कामही त्यांच्यावर आले होते. वरिष्ठ तज्ज्ञ त्या दिवशी दुसऱ्या शहरात शिकवावयास गेलेले होते. संगणकव्यवस्था काही तास बंद पडल्यामुळे रक्ताचे अहवाल उशिरा मिळाले, तेही दूरध्वनीवरून.

साडेचारच्या सुमारास वरिष्ठ तज्ज्ञ आले. बावा-गार्बा ह्यांनी मुलाच्या रक्ताचे चिंताजनक आकडे त्यांना सांगितले आणि त्यांनी ते वहीत उतरवूनही घेतले. पण ते मुलाला पाहावयास गेले नाहीत. त्याच रात्री मुलगा दगावला. पुढे त्या तज्ज्ञांचे म्हणणे असे पडले की, हे आकडे आपल्याला जोर देऊन सांगावयास हवे होते.

हे वाक्य प्रत्येक विभागप्रमुखाच्या टेबलावर काचेखाली ठेवण्याजोगे आहे. मदत मागितली होती काय? आकडे सांगितले होते, म्हणजे मागितली होती. पण ‘चला आणि मुलाला पाहा’ असे कनिष्ठाने वरिष्ठाला म्हटले नव्हते, म्हणजे मागितली नव्हती! कनिष्ठाने कोणत्या शब्दांत, कोणत्या स्वरात, किती जोराने विनंती केली तर ती विनंती धरली जाते, हे ठरवण्याचा अधिकार ज्याने उठून यावयाचे त्याच्याच हातात असतो. मदतीची जबाबदारी मागणाऱ्यावर टाकली की असेच होणार.

बावा-गार्बा ह्यांच्याकडून चुका झाल्या नाहीत असे नव्हे. झाल्या, आणि गंभीर झाल्या. एका टप्प्यावर दुसरेच मूल समजून त्यांनी जॅकवरील पुनरुज्जीवनाचे उपचार क्षणभर थांबवलेही होते. त्या आईवडिलांचे दुःख आणि संताप ह्यांना कोणीही कमी लेखू नये. प्रश्न असा की, न्याय कोणाचा झाला? २०१५ मध्ये बावा-गार्बा घोर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरल्या. जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. आपल्या चुकांवर चिंतन करून लिहिण्याच्या ज्या नोंदी शिकाऊ डॉक्टरांकडून घेतल्या जातात, त्याच उद्या आपल्यावर उलटतील अशी भीती इंग्लंडभर पसरली. त्या नोंदी न्यायालयापुढे पुरावा म्हणून ठेवलेल्या नव्हत्या असा खुलासा पुढे झाला. पण खुलाशाने भीती जात नाही. हजारो तरुण डॉक्टरांनी धडा घेतला तो उलटाच: चूक कबूल करू नका, कागदावर काही ठेवू नका.

भारतातील हिशेब

आता घरचा हिशेब पाहू. ५ जून १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत असे लिहिले आहे की सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा जास्त नसावे आणि आठवड्याचे तास साधारणतः ४८ असावेत. हा कागद तीस वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. तो प्रत्यक्षात कोठे पाळला जातो हे शोधून काढणाऱ्यास बक्षीस लावावयास हरकत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले. त्यांत ४८ हा आकडा नाही, १२ हाही नाही. त्यांत आहे ‘वाजवी तास’ आणि ‘वाजवी विश्रांती’. वाजवी म्हणजे किती हे कोण ठरवणार? अर्थातच ज्याला काम करून घ्यावयाचे आहे तो. पुढे आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला आणि आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत सरकारी विवेकबुद्धी ४८ वरून ७४ वर आली, आणि ह्यालाच सुधारणा म्हणावयाचे! युरोपीय संघाने आपल्या शिकाऊ डॉक्टरांसाठी २००९ पर्यंत ४८ तासांची मर्यादा लागू केली, तीही बरीच कुरकुर करीत.

त्या अहवालातील दुसरा आकडा अधिक भयंकर आहे. २५,५९० पदवी विद्यार्थी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी आणि ७,०३५ अध्यापक ह्यांनी पाहणीला उत्तरे दिली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. पाहणीला स्वेच्छेने उत्तर देणारे अधिक त्रासलेले असतात, असा आक्षेप घेता येईल. तो मान्य करून निम्मे आकडे सोडून दिले तरी उरते ते कमी नाही. त्याआधीच्या पाच वर्षांत शंभराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि हजाराहून अधिकांनी शिक्षण सोडले. सोडणाऱ्यांत बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी होते, म्हणजे डॉक्टर झालेली, वॉर्ड सांभाळणारी माणसे.

मदत देणारा माणूस जागेवर असला तरच मदत मागता येते. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या. २०२४ पर्यंत त्या एक लाखाच्या वर गेल्या. पदव्युत्तर जागाही दुपटीहून वाढल्या. जागा वाढवणे चूक नाही. देशाला डॉक्टर हवेतच. परंतु जागा एका घोषणेने वाढतात, अध्यापक घोषणेने वाढत नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी भाड्याने आणलेले, कागदावर हजर आणि वॉर्डात कधीच न दिसणारे ‘भुताटकीचे अध्यापक’ निर्माण झाले. २०२५ च्या मध्यास केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासण्यांतील लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला, त्यातही असे अध्यापक उभे केल्याचा आरोप आहे. पहिल्या वर्षाच्या डॉक्टराने रात्री अडीचला ह्या भुतांना हाक मारावयाची काय?

महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी हे नेमके ओळखले होते. ‘मार्ड’ने जानेवारी २०२३ मध्ये संप केला तेव्हा मागण्यांत वसतिगृहांची दुर्दशा होती, थकबाकी होती, आणि त्याबरोबर वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करावीत व सहयोगी आणि सहायक प्राध्यापकांची रिक्त पदे भरावीत अशीही मागणी होती. ‘आम्हाला शिकवणारा माणूस द्या’ म्हणून संप करणारे कामगार दुसऱ्या कोणत्या धंद्यात सापडतील? वृत्तपत्रांनी नेहमीप्रमाणे ‘रुग्ण वेठीस’ असे छापले. रिक्त पदांनी वर्षानुवर्षे वेठीस धरलेल्या रुग्णांची बातमी होत नाही.

आणि वरिष्ठ असला तरी तो कोणाच्या हाकेला येतो? २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी समाजातून आलेल्या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आरोप ठेवला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेथील निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु पायलच्या कुटुंबीयांचे म्हणणे असे आहे की त्यांनी ह्या छळाची तक्रार आधीच रुग्णालयाकडे नेली होती. म्हणजे मदत मागितली गेली होती. आरक्षणाने आलेल्या विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रश्नाला ‘म्हणूनच तर’ असे न उच्चारलेले उत्तर तयार असते. इतरांचा प्रश्न अज्ञान ठरतो, त्याचा प्रश्न त्याच्या जातीचा पुरावा ठरतो. म्हणून तो दुप्पट गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याची किंमत बहुधा त्याच्याच सारखा गरीब रुग्ण मोजतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात दीर्घ पाळीत थकून परिसंवाद-कक्षात विसावलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ३६-३६ तासांच्या पाळ्या अमानुष असल्याचे म्हटले. डॉक्टरला पाठ टेकावयास स्वतंत्र, कडी असलेली खोली नव्हती, ही गोष्ट रोज तेथे काम करणाऱ्यांना ठाऊक होती.

‘आम्ही असेच शिकलो’

जुन्या पिढीतील काही आदरणीय अध्यापक म्हणतात की आम्ही तीन-तीन दिवस झोपलो नाही, कोणाला विचारले नाही, म्हणून घडलो. त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण ज्या रुग्णांवर ते घडले त्यांतले किती वाचले असते, ह्याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून ती आठवण गोड आहे. शिवाय तेव्हाचा वॉर्ड आणि आजचा वॉर्ड एक नाही. अतिदक्षता विभागातील यंत्रे, औषधांची परस्परविरोधी रसायने, एकाच रुग्णाला चार-चार जुने विकार, हे सारे एकट्याने डोक्यात मावण्याजोगे राहिलेले नाही. विमानाचा वैमानिक सहवैमानिकाला विचारतो तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

निवासी डॉक्टरांनाही येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षात रडलेला डॉक्टर तिसऱ्या वर्षात तोच पाणउतारा पुढच्याला करतो आणि ह्याला परंपरा म्हणतो. सरंजामी घराण्यातील सुनेने सासू झाल्यावर करावे तसे हे आहे. प्रशासनाला हे फार सोयीचे पडते, कारण कनिष्ठाचा राग वरच्या वर्षाच्या डॉक्टरावर जिरतो आणि रिक्त पदे ठेवणारे मंत्रालय नजरेआड राहते. ह्याच वॉर्डात वीस वर्षे काढलेली परिचारिका मात्र पुष्कळदा न बोलता नव्या डॉक्टराच्या हातात योग्य ट्रे ठेवते, ‘डॉक्टर, सरांना आत्ताच बोलवा’ असे कानात सांगते. त्या सिस्टरचे उपकार कोणत्याही प्रबंधाच्या ऋणनिर्देशात छापलेले आढळत नाहीत.

सत्ताधाऱ्यांची रीत तर सर्वांनी पाहिलेली आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे बाहेर आले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे आणि माणसे ह्यांच्या तुटवड्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा सत्ताधारी पक्षाचे खासदार तेथे आले आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावले. अधिष्ठात्याची ही गत होते तेथे पहिल्या वर्षाच्या डॉक्टराने ‘हे मला जमत नाही, कोणी तरी या’ असे मोठ्याने म्हणावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

करावयाचे काय ते अवघड नाही, फक्त पैशाचे आणि अधिकाराचे आहे. प्रत्येक विभागाच्या रात्रपाळीच्या यादीत, घरी नव्हे, इमारतीत हजर राहणाऱ्या वरिष्ठाचे नाव असावे. कोणत्या अवस्थेत रुग्ण असता वरिष्ठाला बोलावणे कनिष्ठाचे कर्तव्य आहे हे लिहून लावावे. म्हणजे बोलावणे ही विनंती राहत नाही, नियम होतो, आणि लाजेला जागा उरत नाही. बोलावल्याची व आल्याची वेळ केसपेपरवर दोघांच्या सहीने नोंदली जावी. प्रबंधाची सही आणि परीक्षेतील गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्धची तक्रार महाविद्यालयाबाहेरच्या समितीकडे जावी. रक्ताच्या बाटल्या आणणे, नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, ट्रॉली ढकलणे ही कामे डॉक्टरांकडून काढून त्यांसाठी कायम पदे भरावीत. तेवढ्याने सुद्धा रात्री विचार करावयास वेळ मिळेल.

ह्यांतील पहिल्या मागणीपासून आरंभ करता येईल. निवासी डॉक्टरांच्या संघटनांनी आपापल्या रुग्णालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली मागील तीन महिन्यांच्या रात्रपाळीच्या याद्या मागवाव्यात, आणि त्यांत नाव असलेला वरिष्ठ डॉक्टर त्या-त्या रात्री कोठे होता ह्याची हजेरी सोबत मागवावी.